कातळावर लावलेली काच

मी ज्वालामुखींचा अभ्यास करते असं सांगितलं, की मुंबईत माणसं आधी माझ्या तोंडाकडे आणि मग माझ्या चपलांकडे बघतात. चपलांकडे का, ते मला आजवर कळलेलं नाही. पासपोर्टच्या चौकशीला आलेल्या हवालदाराने तर सरळच विचारलं होतं, की मॅडम, बोरिवलीत ज्वालामुखी कुठे आहे, आणि नसेल तर तुम्ही दिवसभर करता काय. मी त्याला खिडकीतून समोरचा डोंगर दाखवला. म्हटलं, हा सगळा कधीकाळी वाहत आलेला लाव्हा आहे, तुम्ही उभे आहात त्याच्याखालची जमीनसुद्धा. त्याने फरशीकडे बघितलं आणि घरात आणखी कोण कोण राहतं ते विचारलं. सोसायटीतल्या बायकांची खात्री होती, की हिचं परदेशात काहीतरी भानगडीचं असणार, नाहीतर कोण दगडांसाठी विमानाने जातं. लग्नाच्या बाबतीत तर पार वाट लागली. एका स्थळाने सगळं पसंत असूनही मुलगी डोंगरावर एकटी फिरते म्हणून नकार कळवला. बरंच झालं. तो चहात बिस्कीट बुडवून विसरून जाणाऱ्यातला होता.

पण संशयाचा मला राग नाही. माझं पोटच संशयावर भरतं. जमीन दिसते तशी नसते, हे एकच वाक्य मी वेगवेगळ्या शब्दांत आयुष्यभर शिकवत आले. पूर्वेकडच्या एका बेटावर मी काही वर्षं काम केलं, तिथला डोंगर अजून जिवंत आहे. भेगांतून निघणारा वायू बाटलीत धरायचा, उतार किती कलला ते मोजायचं, आणि दिवसभर अंगाला गंधकाचा वास घेऊन हिंडायचं, हे माझं काम. तिथे आम्हाला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, की धूर निघतोय तोवर निवांत जेवा, धूर बंद झाला की ताट टाकून गाडीत बसा. वरचं तोंड बुजलं की आतला दाब वाढत जातो. एकदा खरंच धूर थांबला. आम्ही खालचं गाव रिकामं करायला लावलं आणि डोंगर काही फुटला नाही. गावकरी पुढे कित्येक दिवस आम्हाला बघून हसायचे. लोकांच्या हसण्याची सवय मला तेव्हापासून आहे.

मग वडील आजारी पडले, मी परत आले, आणि कळलं की मुंबईत ज्वालामुखीवालीला कोणी नोकरी देत नाही. अंधेरीच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायला लागले. पावसाळ्याआधी कोणी बोलावलं तर डोंगरउतारावरच्या वस्त्यांमागचे कातळ बघून यायचे. थंड झालेला लाव्हासुद्धा माणसं मारू शकतो, फक्त तो घाई करत नाही. हे सांगायला मी किती ठिकाणी गेले, आणि किती ठिकाणी मला चहा पाजून परत पाठवलं, ते विचारू नका.

आता घाटकोपरबद्दल सांगते, कारण सगळं तिथेच झालं.

मी मूळची चारकोपची. घरात भावंडं भरपूर, अभ्यासाला कोपरा नाही, म्हणून अकरावीपासून मला घाटकोपरला मावशीकडे ठेवलं. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. तिला मूलबाळ नव्हतं. तिच्या नवऱ्याला मी काका म्हणते. काका गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर लिफ्टमन झाले. मालवणकडचं गाव सोडून जन्म गेला, तरी राग आला किंवा माया आली की त्यांच्या तोंडून मालवणीच निघतं. त्यांची खोली डोंगराच्या उतारावरच्या बैठ्या चाळीत, ओळीतली अगदी शेवटची. शेजारची खोली बंदच असायची, तिचे मालक कुलूप लावून विरारला गेले ते गेलेच. दोन्ही खोल्यांच्या मागे मोरी, मोरीला पत्र्याचा आडोसा, आणि पत्र्यामागे थेट काळा कातळ.

कॉलेजात असताना मी दगड गोळा करून आणायचे, आणि काका ते चढावरून खांद्यावर वाहून आणत शिव्या द्यायचे. मग त्यांनीच जुन्या ताडपत्रीची एक पिशवी शिवली, दोन बंदांची, दगडांसाठी. पुढे मी परदेशी गेले तेव्हा ते अख्ख्या ओळीत सांगत फिरले, की आमचा चेडू आगीच्या डोंगरावर नोकरीक लागला. त्या ओळीत मी कुठल्याही घरात न विचारता जाऊन भांड्यातलं काढून खायचे. ती माणसं माझी होती, आणि ते मला कधी वेगळं सांगावं लागलं नाही.

काकांचा जीव मात्र दिवाळीच्या किल्ल्यात. लिफ्ट, पगार, तब्येत, सगळं नंतर. वसुबारसेला सकाळी अंघोळ करून नारळ फोडायचा, मातीचं पहिलं ढेकूळ स्वतःच्या हाताने काढायचं, आणि मग पोरांना खुरपी द्यायची. माती चाळायची, घमेल्यात भिजवायची, बुरूज, तटबंदी, गुहा, पायऱ्या, वर अळीव पेरून हिरवळ, आणि सर्वांत शेवटी मावळे. आसपासच्या वस्त्यांतून लोक बघायला यायचे. मंडळाच्या स्पर्धेचं बक्षीस बहुतेक दरवर्षी आमच्याच ओळीला. दुसऱ्यांचे किल्ले वाळले की तडकायचे, काकांचा तडकत नसे. रंगही द्यावा लागत नसे, माती आपली आपणच लालभडक. लोक विचारायचे, माती कुठून आणता. काका हसायचे आणि सांगायचे नाहीत. दिवाळीच्या सुट्टीत मी चारकोपला असायचे, त्यामुळे मलाही कधी दिसलं नव्हतं.

काही वर्षांपूर्वीच्या दिवाळीत मी फराळाला गेले होते. किल्ला झकास झाला होता, समोर पोरं, बायका, मंडळाचे परीक्षक, सगळे उभे. मी चिमूटभर माती बोटांत चुरडली आणि सहज विचारलं, काका, ही आणता कुठून. मी घरचीच, म्हणून त्यांनी मला हाताला धरून मागे नेलं आणि मोरीचा पत्रा बाजूला केला.

मी वाकून आत बघितलं.

मी राहायचे तेव्हा तिथे कातळात ओंजळभर खोलगट जागा होती, तीसुद्धा पत्र्यामागे. आता चांगला कोनाडा झाला होता. एक माणूस वाकून आत बसेल एवढा, आणि शेजारच्या बंद खोलीच्या मागपर्यंत लांब. आत थंड राहतं म्हणून मावशीने तिथे कांदेबटाटे आणि लोणच्याच्या बरण्या ठेवल्या होत्या. बरण्यांच्या वर खोलीएवढा काळा दगड, आणि तो मागच्या डोंगरापासून सुटल्याची उभी भेग. भेगेत माझी बोटं जात होती.

त्याचं असं आहे. लाव्हा एकदाच येत नाही, थरावर थर येतात. एक थर येऊन थंड होतो, त्यावर युगं जातात, वरचा भाग कुजून माती होते. मग दुसरा थर त्या मातीवरून वाहत जातो आणि तिला भाजून काढतो. म्हणून ती लाल होते. वर काळा कठीण दगड, खाली काळा कठीण दगड, आणि मधे हा लाल पट्टा, पुरणासारखा मऊ. पाणी त्याच्यातूनच झिरपतं, आणि वरचा दगड सुटला तर त्याच्यावरूनच घसरतो. या पट्ट्याला हात लावायचा नसतो. आणि इथे वर्षानुवर्षं, नारळ फोडून, खुरप्याने, सगळ्या ओळीने मिळून नेमका तोच काढला होता. जगातल्या कुठल्याही लोकांना हे सुचलं नसतं. ज्यांची पोरं दिवाळीला किल्ला करतात त्यांनाच सुचणार.

माझी जीभ मला आवरत नाही, हे मला जाणणारे सगळे जाणतात. मी पुढे आले आणि परीक्षकांसमोर, पोरांसमोर, सगळ्यांसमोर बोलून बसले, की अहो, हा किल्ला नाही, तुम्ही डोंगराचा पाय कापून आणलाय, ही शेवटची खोली पावसाळ्याच्या आत रिकामी करा. काकांनी एक मावळा उचलला, त्याचा पाय नीट मातीत रोवला, आणि परीक्षकांना गुहा दाखवायला लागले.

हे बोलायला त्याहून वाईट वेळ मिळाली नसती. त्या चाळीच्या मागे एक बिल्डर लागला होता. त्याला ओळ रिकामी हवी होती, आणि लोक हटत नव्हते. पलीकडच्या टेकडीवर दुसऱ्या कोणा बिल्डरने असंच माणसांना तात्पुरतं म्हणून हलवलं होतं, ती अजून तात्पुरतीच होती. आमच्या ओळीतले लोक आता प्रत्येक नव्या माणसाकडे संशयाने बघायचे. पाण्याचा मीटर तपासायला आलेल्याला त्यांनी दोनदा हाकललं होतं. आणि त्यात मी, ज्यांच्या घरचं खाल्लं त्यांच्यासमोर, बिल्डरचंच वाक्य बोलले होते.

दिवाळी संपली तसा बिल्डरचा माणूस कॉलेजात हजर. पांढरा शर्ट, दोन मोबाइल, तोंडात साखर. त्याच्यापर्यंत बातमी कशी पोचली ते मला कळेना. ओळीतलंच कोणीतरी त्याला मिळालेलं असणार, आणि कोण, याचा विचार करताना मी एकेका माणसावर संशय घेतला, ज्यांच्या ओट्यावर बसून मी परीक्षांचा अभ्यास केला होता त्यांच्यावरसुद्धा. त्याचं म्हणणं साधं होतं. मॅडम, तुम्ही खोटं काही करू नका, तुम्ही जे बोललात तेच आम्हाला तुमच्या सहीने द्या. मी त्याला दाराबाहेर काढलं. तो हसत गेला, आणि दुसऱ्या दिवशी चाळीत जाऊन सांगून आला, की तुमच्याच मॅडमचं आणि आमचं एकच मत आहे, कालच भेटून आलो.

भेटला होता, हे खरंच होतं. मी काय सांगणार, कपाळ?

मी महापालिकेत अर्ज केला, की उतार बांधून काढा आणि माणसांना परत त्याच जागी आणायची लेखी हमी द्या. त्यांनी येऊन धोकादायक असा पिवळा फलक लावला आणि गेले. तो फलक ते दरवर्षी सगळ्या टेकड्यांवर लावतात, त्यामुळे तो कोणी वाचत नाही. या वेळी मात्र सगळ्यांनी वाचला आणि माझ्या नावाने बोटं मोडली. मी गेले की गप्पा थांबायच्या. दारात बसलेल्या बायका आत गॅसवर काहीतरी ठेवलंय अशा उठायच्या. एकीने चहा विचारला तो अर्ध्या कपाचा.

अशीच एकदा गेले तेव्हा काका कॉटवर बसले होते. मावशी गॅसपाशी पाठमोरी. मी पुन्हा तेच लाल पट्ट्याचं सांगत होते, कितव्यांदा कोण जाणे. काकांनी मला पुरतं बोलू दिलं. मग अगदी हळू विचारलं.

"बिल्डरान तुका काय दिल्यान गो?"

मला कोणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. मी मावशीकडे बघितलं. ती वळली नाही. तिने गॅस बारीक केला आणि ऐकत राहिली, म्हणजे तिलाही उत्तर हवं होतं. मी पिशवी उचलली आणि निघाले. खाली रिक्षात बसून रडले, रिक्षावाल्याने आरशात बघून मीटर टाकला. संशय हा माझा धंदा, पण तो माझ्याच माणसांनी माझ्यावर घ्यावा, याची तयारी मला कुठल्या डोंगराने दिली नव्हती. मला दोनच गोष्टी हव्या होत्या. ते दोघं त्या दगडाखाली मरू नयेत, आणि मी त्यांची राहावी. दोन्ही एकदम मिळणार नाहीत, हे मला त्याच रिक्षात कळलं.

तरीही मी जात राहिले. एप्रिलमध्ये मी भेगेवर एक काच लावली. ही आमची जुनी पद्धत. भेगेच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत काचेची अरुंद पट्टी आडवी ठेवायची, दोन्ही टोकं सिमेंटने पक्की करायची. काच ताणली जात नाही. भेग केसभर जरी उघडली तरी ती फुटते. महागडी यंत्रं नसतील तिथे एवढं पुरतं.

मे महिन्यात गेले तर काच फुटलेली. भर उन्हाळ्यात, पाण्याचा थेंब नसताना. माझा विश्वास बसेना. पोरांचा चेंडू लागला असेल, मांजर असेल, किंवा बिल्डरच्या माणसाने मुद्दाम फोडली असेल, म्हणजे मी घाबरून आणखी आरडाओरडा करीन. सगळे संशय घेऊन झाले आणि मी काकांना विचारलं. त्यांनी सरळ सांगितलं, की मी फोडली. बिल्डर पाडायच्या घरांवर खुणा करतो, ही त्यातलीच खूण असं त्यांना वाटलं, म्हणून सांडशीने ठोकून फोडली. मी संतापले, आणि समोरच दुसरी काच लावली. काका बघत उभे राहिले.

जुलैत पाऊस धरून बसला. मी छत्री मिटून मोरीमागे गेले, तर दुसरी काचही मधोमध गेलेली. लाल पट्ट्यातून गढूळ पाणी ठिबकत होतं. मावशीच्या बरण्या ओल्या झाल्या होत्या, म्हणून तिने त्या आणखी आत सरकवल्या होत्या. मी काकांना मागे बोलावलं आणि काच दाखवली. त्यांनी ती बराच वेळ बघितली. सिमेंटवर बोट फिरवलं.

"ह्या खेपेक मियां नाय फोडलंय," ते म्हणाले.

आता सांगा, मी काय करावं? ज्या माणसाचा माझ्यावर विश्वास नाही, ज्याने पहिली काच स्वतः फोडली, त्याच्या एका वाक्यावर सगळं अडलेलं. तो खोटं बोलत असेल तर दगड जागेवरच आहे आणि मी उगाच बोंब मारतेय. खरं बोलत असेल तर दगड हलतोय. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले, जसं मी बेटावर त्या धूर थांबलेल्या डोंगराकडे बघायचे. शेवटी मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. म्हटलं, मग आज चला माझ्याबरोबर. ते नाही म्हणाले. बाहेर ओळीतले लोक बघत होते, आणि खोली सोडली की बिल्डर कुलूप लावील, ही भीती दगडापेक्षा मोठी होती. मावशीही नाही म्हणाली. मी घरी आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खोटं बोलले.

मी मावशीला फोन केला, म्हटलं मला सडकून ताप आहे, उठवत नाही, घरात कोणी नाही. आयुष्यात दगडाबद्दल मी कधी खोटं बोलले नाही, पण तापाबद्दल बोलायला मला काहीच वाटलं नाही. दुपारपर्यंत दोघंही बोरिवलीत. मावशीच्या पिशवीत तांदूळ, आलं, गवती चहा. मी कपाळाला गरम पाण्याची पिशवी लावून घेतली होती. तिने हात ठेवला आणि पेज टाकली. त्या रात्रीच्या जेवणाला मी भरपूर बोंबील खाल्ले, तेव्हा काकांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी लगेच खोकून घेतलं. ताप उतरल्याचं सोंग संपलं की मी पोट बिघडवलं, पोटाचं झाल्यावर कंबर धरली. मावशी म्हणाली, तुला डॉक्टरकडे नको, देवऋष्याकडे न्यायला हवं. काकांनी निघायची पिशवी भरून दाराशी ठेवली होती आणि मी ती तीनतीनदा उचलून आत आणत होते.

अशाच एका दुपारी, आम्ही जेवून उठतोय तोच, चाळीतून फोन आला. दरड आली होती. काकांची खोली आणि शेजारची बंद खोली, दोन्ही त्या एका दगडाखाली. बाकी ओळीतलं कोणाला खरचटलंसुद्धा नव्हतं.

मावशी तिथेच फरशीवर बसली. मी तिला धरलं. मला वाटलं, आता मला मिठी मारतील, आता रडतील, आता सगळं मिटलं. मी तशी मूर्खच. काका भिंतीला टेकून उभे होते. ते एवढंच म्हणाले, की तुला ताप नव्हता. मी म्हटलं, नव्हता. मग आम्ही तिघं रिक्षात बसून घाटकोपरला निघालो.

तिथे गेल्यावर मी आधी दगडाकडे गेले. खरं सांगते, मला सुरुंगाच्या भोकाची खूण हवी होती. बिल्डरच्या माणसांनी वरून काहीतरी केलं असावं, असं मला मनापासून वाटत होतं, कारण मग सगळं सोपं झालं असतं. मी तुटलेल्या बाजूवरून वितीवितीने हात फिरवला. एकही भोक नव्हतं. जिथून दगड निसटला तिथे लाल माती उघडी पडली होती, आणि तिच्यावर खुरप्यांचे ओरखडे, शेकडो, लहान हातांचे आणि मोठ्या हातांचे, वर्षांवर वर्षं चढलेले. वळले तर काका मागे उभे. त्यांनीही ते बघितले होते.

तोवर ओळीतली माणसं जमली. महापालिकेने अख्खी ओळ रिकामी करायला घेतली होती, आणि बिल्डरने तेवढ्यात आपल्या ट्रान्झिट कॅम्पची दारं उघडून दिली होती. लोक भांडीकुंडी घेऊन चिखलात उभे होते, त्यांच्या जागी मी असते तरी मला हा बिल्डरचाच डाव वाटला असता. त्यातल्या एकाने, ज्याच्या घरी मी अकरावी-बारावीत तासन्‌तास टीव्ही बघायचे, काकांना सर्वांसमोर विचारलं. तुमची भाची तुम्हाला नेमकी याच आठवड्यात उचलून घेऊन जाते, आणि इकडे दगड पडतो. हिला आधी कसं कळलं?

दुसरी काच कोणी फोडली नव्हती, ती दगड हलल्याने गेली, हे त्या जागेवर आम्हा दोघांनाच माहीत होतं. मी काकांकडे बघितलं.

"तिका आधीच म्हायत होता," काका म्हणाले. "बिल्डरान सांगल्यान आसतला."

लोक माझ्याकडे बघत राहिले. मी तोंड उघडलं असतं तर ओरखडे दाखवू शकले असते. सांगू शकले असते, की हा दगड ह्या माणसाच्या किल्ल्याने पाडला, तुमच्या पोरांच्या आणि तुमच्या खुरप्यांनी. पण मी ते एकदा सर्वांसमोर बोलले होते आणि त्याचं काय झालं ते पुढ्यात होतं. मी बॅग उचलली आणि उतरायला लागले. काका मागोमाग आले. वळणावर कोणी दिसत नाही असं बघून त्यांनी माझा हात धरला.

"माका सगळा म्हायत आसा गो. पण माका अजून त्याच लोकांत रवाचा आसा."

मी विचारलं, आणि मला? मला नव्हतं राहायचं त्यांच्यात? ते म्हणाले, तुझं काय, तू शिकलेलं माणूस, तुझं कुठेही भागेल. मला इतका राग आला, की मी हात सोडवून घेतला. तो राग अजून आहे. त्यांनी माझं नाव दिलं आणि आपलं वाचवलं, आणि मी ते देऊ दिलं, कारण ते जिवंत होते आणि मला तेवढंच पुरायला हवं होतं. पुरत नाही, पण.

काकांनी बोरिवलीत राहायला नकार दिला. ओळीबरोबर ते दोघंही ट्रान्झिट कॅम्पात गेले. तिथे येऊ नको, असं काकांनी फोनवर सांगितलं, लोक बघतात. तेव्हापासून आम्ही मुलुंडला स्टेशनबाहेरच्या एका उडप्याकडे भेटतो, जसं काही तिघं मिळून कुठे दरोडा घालणार आहोत. काका आत शिरायच्या आधी रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघून घेतात. कोपऱ्यातलं टेबल, पाठ दाराकडे. इडली मागवतात आणि आवाज खाली ठेवून विचारतात, कॉलेज कसं चाललंय.

मागच्या खेपेला आम्ही नुकते बसलो होतो, एवढ्यात दारातून तोच, दगडापाशी प्रश्न विचारणारा शेजारी आत आला. काकांनी त्याला समोरच्या भिंतीवरच्या काचेत पाहिलं असणार. ते आपली बशी घेऊन उठले आणि पलीकडच्या टेबलावर जाऊन बसले, माझ्याकडे पाठ करून. शेजारी आमच्यापाशी येऊन थांबला. त्याने मला बघितलं, मावशीला बघितलं, मग पलीकडे काकांना. काका मान न वळवता म्हणाले, की आमचं हिच्याशी बोलणं नाही हल्ली.

मावशी या सगळ्या वर्षांत माझ्या बाजूने एक अक्षर बोलली नव्हती. त्या दिवशी गॅसपाशी नाही, दगडापाशी नाही, रिक्षात नाही. ती माझ्या शेजारी होती तिथून उठली नाही. तिने चटणीची वाटी माझ्याकडे सरकवली.

"त्यांचं नसेल," ती त्या माणसाला म्हणाली. "माझं आहे. हिने मला जिवंत ठेवलंय. तुला काय विचारायचं ते मला विचार."

आणि खुर्ची ओढून तिने त्याला बसायला सांगितलं.